किती दिवस आहेस?

मागच्या वर्षी पौष संपता संपता आम्ही डोंबिवलीचे बिऱ्हाड मोडून वाईला राहायला आलो. टेम्पोतून कपाट उतरवले जात होते तेव्हा समोरच्या काकूंनी ओसरीवरून विचारले, "कधी आलीस? किती दिवस आहेस?" कपाट आडवे करून जुन्या बुटक्या दारातून आत कसे न्यावे या विवंचनेत मी सवयीने "आहे अजून" एवढेच म्हणाले. ३४ वर्षे बँकेत नोकरी करून निवृत्त झालेली बाई फ्रिज आणि गाद्या घेऊन चार दिवसांसाठी माहेरी येत नाही, हे काकूंनाही दिसत होते. पण माहेरवाशिणीला दुसरे काय विचारायचे असते?

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपासून हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे. त्यात माया असते, तसाच थोडा हिशेबही असतो. "उद्या निघतेय" म्हटले की चहावर भागते, "आठवडाभर आहे" म्हटले की कोणाच्या तरी घरी पुरण शिजते. त्यामुळे "आता इथेच राहणार" या माझ्या उत्तराने आळीची पंचाईत झाली. जिला जायचेच नाही तिला जेवायला बोलावण्याची घाई कोण करणार? शिवाय बाई कायमची माहेरी आली या वाक्याला आपल्याकडे एक जुना, काळजीचा अर्थ आहे. विचारणाऱ्याची नजर क्षणभर माझ्या खांद्यावरून मागे जाई, आणि तिथे पिशवी धरून उभे असलेले यजमान दिसले की निवळे. यजमानांचे मात्र उत्तम चालले आहे. एकसष्टाव्या वर्षी सासुरवाडीत राहायला आलेल्या या गृहस्थांना सगळी आळी अजून "जावई" म्हणते, कुठेही गेले तरी त्यांना खुर्ची मिळते, आणि किती दिवस मुक्काम आहे असे त्यांना विचारण्याची कोणाची प्राज्ञा नाही.

मला वाई ठाऊक आहे, असे मी इतकी वर्षे समजत होते. प्रत्यक्षात माहेरवाशिणीला गावाचे दोनच ऋतू माहीत असतात, दिवाळी आणि मे महिना. माझी वाई म्हणजे पणत्या लावलेला घाट, नाहीतर रोडावलेली कृष्णा आणि संध्याकाळची वसंत व्याख्यानमाला. मधले महिने माझ्यावाचूनच जात होते. यंदा जुलैत धोम धरणाचे पाणी सोडल्याची बातमी आली आणि छत्र्या घेऊन सगळी आळी पाणी कुठवर चढले ते पाहायला निघाली, तेव्हा मीही मागोमाग गेले. ढोल्या गणपतीचे देऊळ रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधले आणि पुराचे पाणी दुभंगावे म्हणून त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची केली, हे शाळेत असल्यापासून ऐकलेले होते. येणाऱ्याजाणाऱ्याला मी ते सांगतही असे. पण इतकी वर्षे चपला काढून समोरून हात जोडायचे आणि गाडीची वेळ झाली म्हणून परतायचे, एवढाच माझा परिपाठ होता. त्या दिवशी गढूळ पाण्याकडे बघत उभी असताना ती भिंत कशासाठी आहे ते पहिल्यांदा नीट कळले.

माणसांच्या बाबतीत जास्त वेळ लागला. तीन घरे सोडून राहणारी माझी बालमैत्रीण आणि मी दर खेपेला दोन तास भेटत आलो होतो, आणि त्या दोन तासांत वर्षभराच्या बातम्या बसवण्यात आम्ही चांगल्याच तरबेज झालो होतो. मुलांचे शिक्षण, सासूबाईंचे आजारपण, नवे ओटे, जुनी दुखणी असे सगळे भराभर सांगून झाले की मी उठायची, कारण बॅग भरायची असे. इथे राहायला आल्यावर पहिल्या पंधरवड्यातच बातम्या संपल्या. मग ती आली की आम्ही दोघी अवघडून बसू लागलो; मी उगाच दुसऱ्यांदा चहा टाकी, ती उगाच घड्याळ बघे. आपली मैत्री एवढीच होती की काय, असे एक-दोनदा मनात येऊन गेले. श्रावणात एका दुपारी ती मेथीच्या दोन जुड्या घेऊनच आली आणि "घरी एकटीने निवडायचा कंटाळा येतो" म्हणून जमिनीवर कागद पसरून बसली. आम्ही तासभर मेथी निवडली. बोललो ते एवढेच, की यंदा जुड्या फार बारीक येतात. तेव्हापासून ती भाजी घेऊन येते, कधी मी तिच्याकडे घेवडा घेऊन जाते, आणि आमच्याजवळ सांगण्यासारखे काही नाही याचे दोघींनाही काही वाटेनासे झाले आहे.

मंडईतली ओळख व्हायला दिवाळी उजाडली, कारण पाहुण्यांचा भाव वेगळा असतो आणि तो उतरायला वेळ लागतो.

माघ लागला की वाईत कृष्णामाईचे उत्सव सुरू होतात. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी केलेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला असे सांगतात. सात घाटांवर पाळीपाळीने मांडव पडतात. गेल्या वर्षी आम्ही नुकतेच आलो होतो, म्हणून आग्रहाने पहिल्या पंगतीत बसवले गेलो आणि मला दोनदा विचारून वाढले गेले. यंदा वर्गणीला आलेल्या मुलाने पावतीपुस्तक उघडून वडिलांचे नाव अर्धे लिहिले, थांबला, आणि "आता तुमचं घालू ना?" असे विचारून ते खोडले. त्या खोडलेल्या नावाकडे मी बराच वेळ बघत होते.

महाप्रसादाच्या दिवशी मांडवात शिरले, तर कोणीतरी काही न विचारता माझ्या हातात आमटीची बादली आणि ओगराळे दिले. बादली जड होती, कमरेत उसण भरेल अशी धास्ती होती, आणि यजमान अर्थातच पहिल्या पंगतीत बसले होते. वाढत वाढत मी पलीकडच्या रांगेला आले, तर तिथे आमच्या आळीतली, पुण्याला दिलेली एक मुलगी लेकराला मांडीवर घेऊन जेवत होती. तिच्या भातावर आमटी घालता घालता माझ्या तोंडून निघून गेले, "कधी आलीस गं? किती दिवस आहेस?"

"परवा सकाळी निघतेय, मावशी," ती म्हणाली.

मी तिला आणखी एक ओगराळे वाढले आणि उद्या दुपारी जेवायला यायला सांगितले.