आमची वाटचाल : आधी परीक्षेचा बोर्ड, मग पहिला धडा

घरगुती वायरिंगचे वर्ग सुरू केले तेव्हा आमचा अभ्यासक्रम सगळीकडे असतो तसाच होता: ओहमचा नियम, वायरचे प्रकार, स्विचचे प्रकार आणि शेवटी प्रात्यक्षिक. आता क्रम उलटा आहे. शेवटी मुलाने काय करून दाखवायचं, ते सर्वात आधी कागदावर येतं.

ते असं: 4 बाय 3 फुटांचा वायरिंगचा बोर्ड, 3 तास. जिन्याचा दिवा दोन टू-वे स्विचवर (दिवा दोन्ही ठिकाणांहून चालू-बंद होतो), पंखा रेग्युलेटरसह, एक 6 आणि एक 16 अँपिअरचा सॉकेट, डीबीत (वीज वाटून देणाऱ्या पेटीत) एमसीबी (जास्त करंट झाला की पडणारा स्विच) आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच). मेगरने (इन्सुलेशन किती चांगलं आहे ते मोजणाऱ्या मीटरने) तपासल्याशिवाय सप्लाय नाही.

त्यानंतरचं काम सर्वात अवघड: 'जमलं' हे कशावरून ठरवायचं? दिवा लागला म्हणजे पास, ही कसोटी घातक आहे. स्विच फेजऐवजी (करंट आणणाऱ्या वायरऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या वायरवर) बसवला तरी दिवा लागतो, विझतोही. पण होल्डरमध्ये फेज तसाच राहतो आणि बल्ब बदलणाऱ्याला झटका बसतो. म्हणून तपासणीच्या तक्त्यात ओळ आहे: स्विच बंद, बल्ब काढलेला, होल्डरच्या दोन्ही पिनांना टेस्टर; एकीवरही पेटता कामा नये. टू-वेला हे दोनदा करायचं, कारण दिवा बंद राहण्याच्या स्थिती दोन. जोडणी चुकली तर त्यातल्या एकीत दोन्ही पिनांवर फेज येतो आणि दिवा मात्र बंदच दिसतो.

मेगर 500 व्होल्टचा. बल्ब आणि इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर काढून, स्विच चालू ठेवून फेज-न्यूट्रल, मग दोन्ही एकत्र करून अर्थशी. 1 मेगाओहमच्या खाली आलं की दोष शोधायचा. बल्ब राहून गेला तर रीडिंग जवळपास शून्य येतं आणि मुलं नसलेला शॉर्ट शोधत बसतात.

धडे या तक्त्यातून निघतात. 2000 वॉटचा गिझर 230 व्होल्टवर साधारण 8.7 अँपिअर घेतो, म्हणजे 6 अँपिअरचा सॉकेट चालणार नाही. पॉवरचं गणित त्या दिवशी, आधी नाही. आरसीसीबीच्या आधीचा न्यूट्रल घेऊन 60 वॉटचा बल्ब लावला की आरसीसीबी लगेच पडतो. गळतीचा करंट तिथे शिकवायचा. स्क्रू सैल राहिला तरी दिवा लागतो, पण जोड पुढे तापतो. म्हणून प्रत्येक वायर हाताने ओढून पाहणं हाही तक्त्यातला एक मुद्दा. ज्या विषयाला तक्त्यात जागा नाही, उदाहरणार्थ ट्रान्सफॉर्मरचे प्रकार, तो आम्ही काढला.

सरावाचाच आराखडा परीक्षेला ठेवला, तर मुलं वायरचे रस्ते पाठ करतात. त्यामुळे परीक्षेला काम तेच, पण डीबी आणि स्विचच्या जागा बदललेल्या आणि नकाशा त्याच सकाळी हातात.