पोत तेवढीच आहे

आर्णीला माझं सोन्याचांदीचं लहानसं दुकान आहे, आणि आठवड्यातले 3 दिवस मी एका बँकेत सोनेतारणाचं मूल्यांकन करतो. कसोटीचा दगड, आम्लाची बाटली आणि काटा घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायचं. दागिना घासून बघायचा, वजन आणि शुद्धता लिहून सही करायची. कर्ज किती द्यायचं ते बँक ठरवते.

आमच्याकडे या कामाला ऋतू असतो. जून गहाणाचा, कारण बियाणं-खत घ्यायचं असतं. दिवाळीनंतरचे दिवस सोडवणुकीचे. सोयाबीन विकलेलं असतं, कापसाची सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, झालेली असते, आणि बाया दोरीत ओवलेले काळे मणी काढून बँकेतच खरी पोत गळ्यात घालतात. ते बघायला मला मनापासून आवडतं.

2025 च्या नोव्हेंबरचा पहिला सोमवार मात्र जूनसारखा निघाला. दुपारपर्यंत 11 गिऱ्हाइकं झाली आणि सोडवायला एकही आलं नव्हतं. सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन शेंगेतच कुजलं होतं. हमीभाव क्विंटलला 5328 रुपये, पण डागी माल बाजारात साडेतीन हजारांनाही कोणी धड विचारत नव्हतं. कापसाचा हमीभाव 8110, पण ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की केंद्रावरून गाडी परत. ज्यांनी कर्जमाफीच्या आशेवर पीककर्ज थकवलं, त्यांना नवं मिळत नव्हतं. मग घरात उरतं काय? सोनं.

बाराव्या नंबरला एक काकू आल्या, सोबत पंचविशीतला मुलगा. त्यांची पोत मीच घडवलेली. 2022 मध्ये कापूस दहा हजारांच्या वर गेला होता, त्या वर्षीची. जून 2024 ला त्यांनी ती 70 हजारांवर ठेवली, पुढच्या जूनमध्ये व्याज भरून कर्ज नवं केलं. आता वाढवून हवं होतं.

त्यांच्यासमोर पाकिटाचं सील फोडलं. पोत काट्यावर ठेवली: 17.940 ग्रॅम. काळे मणी, दोरा आणि वाट्यांमधली लाख वजा जाता सोनं 15.200. जुन्या पावतीवरही हेच आकडे होते. बदलला होता तो भाव. पोत ठेवली तेव्हा 22 कॅरेटचा तोळा 66 हजारांच्या आसपास होता, त्या दिवशी 1 लाख 12 हजारांच्या. शंभराच्या सोन्यावर 75 रुपये धरले तरी कर्ज सव्वा लाखाच्या वर जात होतं. जुनं कर्ज आणि व्याज वळतं करून हातात 54 हजार येणार होते.

मुलाचा चेहरा उजळला. त्याच्या खिशातून मोटारसायकलच्या शोरूमचं पत्रक डोकावत होतं. सप्टेंबरात जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हापासून समोरच्या शोरूमला गर्दी होती. "माय, पुरेच घे. सोनं आपल्यासाठी कमावून रायलं." बँकेतल्या साहेबांनीही तेच सुचवलं, पूर्ण मर्यादेचं घ्या म्हणाले.

काकू काट्याकडेच बघत होत्या.

"भाऊ, पोत वाढली काय?"

"नाही काकू, तेवढीच आहे."

"मंग पैसे कसे वाढले?"

"भाव वाढला."

"अन् उतरला तं?"

हा प्रश्न मला या टेबलाशी आजवर क्वचितच कोणी विचारला असेल. माझं काम वजन सांगण्याचं. साहेब ऐकत होते. तरी मी सांगितलं, की भाव फार उतरला तर बँक फरकाचे पैसे भरा म्हणू शकते. आणि उतरला नाही तरी व्याज सव्वा लाखावर चढत राहील. परत द्यायचे ते पिकातूनच.

"पीक तं पाण्यात गेलं," त्या म्हणाल्या. मग बोटांवर हिशेब सुरू झाला. 3 एकर हरभऱ्याचं बियाणं, खत, फवारणी, कृषी केंद्राची थोडी मागची उधारी. 18 हजार. तेवढेच द्या म्हणाल्या. मुलगा चिडला नाही, पण बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. त्याचंही चूक नव्हतं. दूध पोचवायला रोज 9 किलोमीटर सायकलनं जाणारा पोर तो.

रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी लोकांच्या घरी विचारते, गेल्या वर्षीपेक्षा मिळकत वाढली का, खर्च वाढला का, पुढल्या वर्षी काय वाटतं. आता खेड्यांतही विचारते. हे व्हायलाच हवं. पण खर्च वाढला म्हणणाऱ्या घराला आणखी एक गोष्ट विचारली पाहिजे: पैसा कुठून आणला? त्या सोमवारी 54 हजार घेतले असते, तर शोरूममध्ये एक गाडी विकली गेली असती आणि या घराला बरे दिवस आले असं कोणालाही वाटलं असतं. पोत त्याच पाकिटात राहिली असती.

नवं पाकीट बंद करण्याआधी काकूंनी पोत एकदा तळहातावर घेतली आणि परत दिली. मग म्हणाल्या, "वर्षाचं व्याज किती होईन, ते लिहून दे."

मी साहेबांना दर विचारून पावतीच्या मागे मोठ्या आकड्यात लिहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद मुलाकडे दिला, त्याच्याकडून दोनदा मोठ्यानं वाचून घेतला आणि पदराच्या टोकाला बांधला.