माटोळीखालची १ जानेवारी

कॅमेऱ्यावर विश्वास ठेवायचा तर आमच्या गोव्यातल्या बांदोड्याच्या घरी गणपती १ जानेवारी २००७ रोजी रात्री पावणेबाराला बसला. समया पेटलेल्या, माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधलेल्या चौकटीला, आंबाडे, तोरिंगां, सुपारीचे कातरे लटकलेले, खिडकीबाहेर धो धो पाऊस आणि तारीख नववर्षाची! कॅमेऱ्यातलं घड्याळ चालवणारा छोटा सेल मेला होता, बाकी काही नाही. सेल मेला की कॅमेरा आपला शून्यापासून मोजायला लागतो, आणि तीच चुकीची मोजणी २१२ फोटोंच्या पोटात शिरली.

या पोटातल्या माहितीला एक्झिफ म्हणतात. १९९५ पासूनची पद्धत. फोटो कधी काढला, कुठल्या कॅमेऱ्याने, शटर किती वेळ उघडं होतं, फ्लॅश पडला की नाही, सगळं फोटोच्या फाइलमध्येच. चवथीच्या फोटोंना तर याची फारच गरज, कारण दरवर्षी तीच भिंत, तेच मखर, तोच काकांचा शर्ट. साल ओळखायचं कशावरून?

मी ओळखलं पुतणीवरून. उष्टावण नुकतंच झालेलं, काकीच्या काखेत. म्हणजे २००८. मग जुनं कालनिर्णय काढलं: चवथ ३ सप्टेंबर, बुधवार. पूजेची वेळ काकीने सांगितली. फरक काढला आणि एक्झिफटूल नावाच्या फुकट प्रोग्रॅमला एकच आज्ञा दिली, सगळ्या तारखा एवढ्याने पुढे ढकल. दीड मिनिटात दीड दिवसाचा गणपती भाद्रपदात आला. हा प्रोग्रॅम शहाणा आहे, मूळ फाइल शेपटीला ‘ओरिजिनल’ लावून बाजूला ठेवतो. आपण नसतो एवढे शहाणे.

मी तर नव्हतोच. मागे एका प्रोग्रॅममध्ये दोन महिने बसून मी सगळ्यांच्या चेहऱ्यांना नावं दिली होती. ती नावं फोटोत गेलीच नव्हती, त्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या कपाटात होती. हार्ड डिस्क गेली, कपाट गेलं. बॅकअपमधून फोटो परत आले, तेही सगळे अनोळखी होऊन. आता मी डिजिकॅम नावाचा फोटो लावून ठेवायचा प्रोग्रॅम वापरतो आणि सेटिंगमध्ये जाऊन ‘माहिती फोटोतच लिही’च्या खुणा आधी करतो. त्यातही एक्सएमपी नावाचा कप्पा बरा, त्यात देवनागरी नीट राहते. जुन्या पद्धतीच्या कप्प्यात मी ‘माटोळी’ लिहिलं होतं, तिथे सहा प्रश्नचिन्हं उगवली. (फॅमिली ग्रुपवरून येणाऱ्या फोटोंचं तर विचारूच नका. ते वाटेत धुऊन पुसूनच येतात, ना तारीख ना गाव.)

मथळे लिहायला काकीला शेजारी बसवलं. लाल गोल फळावर बोट ठेवून विचारलं, हे काय?

“तें कवंडळ. खावपाचें न्हय हां. बरय, काकान हाडिल्लें, रानांतल्यान.”

लिही म्हणाली, लिहिलं. मग ती एकेक फोटो पुढे सरकवत गेली. आरती, नेवऱ्या, फुगडी, विसर्जन. शेवटच्या फोटोशी आली आणि परत पहिल्यावर गेली.

“रे, काका खंय?”

काका कुठेच नव्हते. २१२ पैकी एकाही फोटोत नाही. कॅमेरा त्यांच्याच हातात होता ना. एक्झिफला कॅमेऱ्याचा मॉडेल नंबर ठाऊक, भिंगाचं छिद्र किती उघडलं ते ठाऊक, पण बटण कोणी दाबलं हे त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं. तसा एक रकाना असतो, ‘आर्टिस्ट’ म्हणून. रिकामा होता. मी काकांचं नाव टाइप केलं आणि २१२ फोटोंना एकदम लावलं.

काकी अजून शोधतच होती. एकशे चाळिसाव्या की कितव्या फोटोत, समईच्या डाव्या बाजूला, भिंगावर आलेलं एक अंधुक गुलाबी बोट तिला सापडलं.

“हो पळय,” ती म्हणाली, “हांगाय नांव घाल.”