सीताफळाला वेळ लागतो

शेजारच्या काकूंना शुगर निघाली आणि त्यांच्या फ्रिजवर एक यादी लागली. आंबा, केळं, चिकू, सीताफळ, द्राक्षं बंद. पेरू, पपई, सफरचंद चालेल, बेतानं. काकू म्हणाल्या, "चांगली तेवढी नेमकी वेचून काढलीत बघ." याच काकू रोज सकाळी मोसंब्याचा ग्लासभर रस घेतात. वरून साखर घातलेली नाही, म्हणजे औषधच! मी वाद घालणार होते, पण तेवढ्यात पोह्यांची बशी पुढे आली.

ग्लासभर रसाला तीन-चार मोसंबी सहज लागतात. तेवढी सोलून, बिया काढत खायला बसा; दुसरीलाच कंटाळा येतो. रस मात्र चार घोटांत खाली. चोथ्यासकट गेलेली साखर रक्तात सावकाश उतरते, चोथा गाळला की तिला अडवणारं कुणी नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 साली 'मोकळ्या' साखरेचा हिशेब मांडला, त्यात फळांचा रस धरला, मधसुद्धा धरला. अख्खं फळ धरलं नाही. ही मोकळी साखर दिवसाच्या उष्मांकांच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा, 5 च्या आत राहिली तर उत्तम. 5 टक्के म्हणजे साधारण सहा चमचे. आमच्याकडे ते दुपारच्या चहापर्यंतच संपतात.

यादीतल्या सीताफळावर मात्र माझा जीव अडकला. आजोळ बालाघाटच्या डोंगराला लागून. तिथे सीताफळं कुणी लावायची नाहीत, उतारावर आपली आपण यायची. शेळ्या त्या पाल्याला तोंड लावत नाहीत, म्हणून उघड्या माळावरही झाड टिकतं. दसऱ्याच्या सुमारास पाट्या भरून यायच्या. डोळे उघडलेली फळं निवडून आजी ज्वारीच्या पोत्यात पुरायची. दाबून बघायचं नाही, ही सक्त ताकीद. सगळी दाबून झालेली असायची.

पिकलेलं फळ हातातच दुभंगायचं. मग अंगणात ओळीनं बसायचं, एकेक पाकळी तोंडात टाकायची, जिभेनं गर सोडवायचा आणि बी फुर्रकन उडवायची. कुणाची बी तुळशीवृंदावनापलीकडे गेली यावरून हाणामाऱ्या. बी गिळली तर पोटात झाड येणार ही धमकी होतीच; शिवाय याच बिया वाटून बायका उवांसाठी डोक्याला लावतात, हेही पाहिलेलं. त्यामुळे एकही बी आत जाऊ द्यायची नाही. एक फळ संपवायला इतका वेळ जायचा, की दुसऱ्याला हात घालेपर्यंत जेवायची हाक यायची. त्याच्या शंभर ग्रॅम गरात वीसेक ग्रॅम कर्बोदकं असतात, तेव्हा यादी काही खोटी नाही आणि काकूंनी डॉक्टरांचं ऐकावंच. पण कितीही हावरट माणसाला सीताफळ भराभर खाऊन दाखवा म्हणावं.

आता बिया काढलेला गोठवलेला गर पाकिटात मिळतो. त्याची रबडी, आइस्क्रीम, मिल्कशेक. लग्नात लोक वाटीवर वाटी रिचवतात आणि वर सांगतात, फळाचंच आहे हो. माझं डोकं फिरतं. सीताफळ खायचं तर बियांसकट, नाहीतर खाऊ नये, असं माझं सरळ मत आहे.

हे मत घरी तावातावानं मांडत होते, तर आई शेंगा निवडता निवडता म्हणाली, "आजोबांना दात नव्हते. त्यांना वाटीभर गर कोण काढून द्यायचं? आणि तुझा भाऊ तर पार तिसरी-चौथीपर्यंत बी दिसली की रडायचा."

मी आठवून पाहिलं. अंगणातल्या ओळीत आई कुठेच नव्हती.

"मग तू कधी खायचीस?"

"बोटं चाटायचे की."

तिची शुगर अजून नॉर्मल येते. यावर काय बोलणार!