माथेरानहून परतताना: उतरलेली बॅटरी, बंद दारं आणि लेकीची पेन्सिल

माथेरानात गाड्या चालत नाहीत हे शाळेच्या सहलीपासून माहीत होतं. आमची मात्र त्याच्या अलीकडे, जिथे गाड्या ठेवून पुढे जावं लागतं त्या दस्तुरीलाच चालेनाशी झाली.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी आम्ही चौघं पहाटे डोंबिवलीहून निघालो: मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि सासूबाई. बदलापूर, वांगणी, नेरळ आणि मग घाट. सातच्या सुमाराला दस्तुरीच्या पार्किंगला पोचलो, तेव्हा नुकतं उजाडत होतं. झाडाखाली छान सावलीची जागा मिळाली म्हणून नवऱ्याने गाडी तोंड दरडीकडे करून आत घातली. लेकीचा एक बूट सीटखाली गेला होता. तो शोधायला तिने छताचा मागचा दिवा लावला. बूट सापडला, दिवा तसाच राहिला. बाहेर उजेड होता, कुणाचं लक्षच गेलं नाही.

माथेरानबद्दल फार लिहीत नाही, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनहून छोट्या गाडीची शटल मिळाली तर घ्या. नाहीतर बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटर लाल मातीतून चालावं लागतं आणि ती माती मोज्यातून आठवडाभर निघत नाही. पॅनोरमा पॉइंटला सूर्योदय पाहिला, लुईझा पॉइंटला वारा खाल्ला, शार्लोट लेकच्या काठावर सासूबाईंनी तासभर बैठक मारली. रविवारी चिक्कीचे सहा डबे, एक चपलांचा जोड आणि दुखणाऱ्या पोटऱ्या घेऊन चारच्या सुमाराला आम्ही परत दस्तुरीला.

रिमोटचं बटण दाबलं. काही नाही. दाराच्या हँडलवरचं बटण दाबलं. तेही गप्प.

"रिमोटचा सेल गेला," असं नवऱ्याने जाहीर केलं, आणि पहिली पंधरा मिनिटं त्यात गेली. टपऱ्यांवर चहा, मॅगी, लिंबूपाणी सगळं होतं, फक्त बटणासारखा तो सीआर २०३२ सेल नव्हता. खरं म्हणजे तो शोधायचीच गरज नव्हती. रिमोटवरचा बारका दिवा बटण दाबल्यावर नीट लागत होता. काचेतून आत पाहिलं तर डॅशबोर्डवरचा लाल ठिपका, जो गाडी लॉक असताना एरवी सारखा लुकलुकतो, तो विझलेला होता. म्हणजे सेल गाडीचा गेलेला, आमच्या हातातला नव्हे. तुमच्या गाडीला असा ठिपका असेल तर तो कुठे आहे हे आत्ताच बघून ठेवा. रिमोट चालेना आणि ठिपका लुकलुकतोय, तर रिमोटचा सेल बदला. ठिपकाही मेलेला असेल तर रिमोटशी खेळत बसण्यात अर्थ नाही.

तोवर सल्लागार जमले होते. एकाने खिडकीच्या रबरातून पट्टी घालायचं सुचवलं, दुसऱ्याने हँगरची तार आणायला माणूस धाडला, तिसरा सरळ म्हणाला, "छोटी काच फोडा, स्वस्तात होईल." पट्टीचा उद्योग जुन्या गाड्यांवर चालायचा. आता दाराच्या आत वायरी, खिडकीची मोटर आणि काही गाड्यांत एअरबॅगचे सेन्सर असतात. कुलपाच्या दांड्यांऐवजी झाकलेल्या केबल असतात, त्यामुळे तारेला अडकवायला आत काही सापडत नाही. आणि "छोटी काच स्वस्त" हा गैरसमज आहे, ती पुष्कळदा चिकटवलेली असते. आत लहान मूल अडकलं असेल तर गोष्ट वेगळी: तेव्हा कुणाला विचारत बसू नका, मुलापासून लांबची काच फोडा. आमच्या गाडीत फक्त सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या होत्या, ग्लव्ह बॉक्समध्ये. त्यांची संध्याकाळची वेळ सात. तेवढी सवड होती.

विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. माणूस यायला दोन-अडीच तास लागतील, असं उत्तर मिळालं. पण फोनवरच्या मुलीने विचारलेल्या एका प्रश्नाने आमची सुटका झाली: "मॅडम, रिमोटमधली किल्ली वापरून पाहिलीत का?"

चार वर्षं तो रिमोट माझ्या पर्समध्ये होता आणि त्यात किल्ली आहे याचा मला पत्ता नव्हता. रिमोटच्या कडेला एक छोटा खटका असतो. तो सरकवून धरला की आतून बोटाएवढी लोखंडी किल्ली बाहेर येते. जवळजवळ प्रत्येक बटण-स्टार्ट गाडीच्या रिमोटमध्ये ती असते, कारण बॅटरी गेल्यावर आत शिरायचा तोच एक रस्ता उरतो.

आता प्रश्न असा की ती घालायची कुठे? दाराला भोकच दिसेना. ड्रायव्हरच्या बाजूच्या हँडलला, मागच्या टोकाला, रंगात रंग मिसळलेली एक टोपी होती. तिच्या खालच्या अंगाला नख जाईल एवढी खाच. त्या खाचेत किल्लीचंच टोक घालून अलगद उचकलं की टोपी निघते. काही गाड्यांत आधी हँडल ओढून धरावं लागतं, काहींत भोक उघडंच असतं. टोपी काढून नवऱ्याने टपावर ठेवली. किल्ली अर्धी गेली आणि अडकली.

चार वर्षांत कधी न वापरलेलं कुलूप, त्यात दस्तुरीची धूळ. जोर लावू नका, एवढंच सांगते. ते पातं पातळ असतं, आत तुटलं की मग खरंच काच फोडायची वेळ येते. एका टॅक्सीवाल्या दादांनी शांतपणे विचारलं, "पोरीकडे पेन्सिल आहे का?" लेकीच्या सॅकमध्ये चित्रकलेची सहा-बी निघाली. दादांनी किल्लीच्या दोन्ही अंगांना शिसं खसाखसा घासलं, किल्ली चारपाच वेळा आतबाहेर केली, पुन्हा घासलं. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्राफाइट. ते कोरडं वंगण आहे, धूळ धरत नाही. स्वयंपाकाचं तेल सुचवणाराही एक होताच. तेलाने त्या दिवशी भागलं असतं, पण पुढे त्यावर माती बसून चिकटा झाला असता. तिसऱ्या खेपेला किल्ली पूर्ण गेली, फिरली, आणि 'खट्' असा आवाज आला. इतका गोड आवाज तीन दिवसांत पॉइंटवरच्या एकाही पक्ष्याने काढला नव्हता.

या किल्लीने फक्त ड्रायव्हरचं दार उघडतं. सेंटर लॉकला वीज लागते, त्यामुळे बाकीची दारं आतून हात घालून एकेक उघडायची. काचा खाली होत नाहीत. आणि डिकी? आमच्या डिकीला बाहेर फक्त एक बटण आहे, तेही विजेवर चालणारं. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून आपली गाडी उठवायची ती जंप केबल कुठे होती ते तुम्ही ओळखलंच असेल.

मागची सीट पुढे पाडली आणि लेक डोकं आधी, पाय नंतर अशी डिकीत शिरली. केबल आली, तिच्याबरोबर दोन वर्षांपूर्वी हरवलेली बॅडमिंटनची रॅकेटही आली. तेव्हापासून आमची केबल ड्रायव्हरच्या सीटखाली असते.

बॉनेटचं मात्र बरं असतं. ते साध्या तारेवर चालतं, आतला खटका ओढला की बॅटरी असो-नसो उघडतं. आमची अडचण निराळी होती: गाडीचं तोंड दरडीकडे, दोन्ही बाजूंना गाड्या खेटून, आणि केबल जेमतेम सात फूट. गाडी मॅन्युअल असल्यामुळे न्यूट्रलला टाकून मागे ढकलता आली, स्टिअरिंग लॉक असलं तरी चाकं सरळ होती. ढकलण्याआधी मागे दगड घेऊन माणूस उभा करा, कारण इंजिन बंद असताना ब्रेक भलताच कडक लागतो. ऑटोमॅटिक असती तर गिअर 'पी'मधून, म्हणजे पार्किंगमधून, बहुधा हलला नसता. त्याला सोडवायची एक खाच पुष्कळ गाड्यांत गिअरच्या शेजारी झाकणाखाली असते, पण ती पहिल्यांदा अंधारात शोधणं मजेचं नाही. म्हणून दस्तुरीला जाणाऱ्यांना हात जोडून सांगणं: गाडी रिव्हर्समध्ये आत घाला, बॉनेट वाटेकडे ठेवा.

"धक्का मारून उठेल की," असंही कुणीतरी म्हणालं. आमच्या बाबांच्या गाडीच्या काळात उठायची. पूर्ण उतरलेल्या बॅटरीवर बटण-स्टार्ट गाडीचा मेंदूच जागा नसतो, तो रिमोट ओळखणार कसा आणि पेट्रोल सोडणार कसा?

टॅक्सी समोर तोंडाला तोंड लावून उभी केली, दोन्ही इंजिनं बंद. लाल चिमटा आधी आमच्या पॉझिटिव्हला, मग लालचं दुसरं टोक त्यांच्या पॉझिटिव्हला. काळा त्यांच्या निगेटिव्हला, आणि काळ्याचं शेवटचं टोक आमच्या बॅटरीला नाही, तर इंजिनच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडू शकते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. दादा तो थेट बॅटरीलाच लावायला निघाले होते. "वहिनी, रोज असंच लावतो," म्हणाले. मी म्हटलं, आज माझ्यासाठी इथे लावा. लावला.

चिमटा टेकला मात्र, आमची गाडी बोंबलायला लागली. हॉर्न, चारही दिवे, सगळं एकदम. लॉक असलेलं दार किल्लीने उघडलं गेलं होतं, तेव्हा वीज परत येताच अलार्मला वाटलं चोर शिरला. घाबरून केबल ओढू नका, रिमोटचं अनलॉक दाबा. पण तेवढ्या गोंधळात एक फायदा झाला. सासूबाई ज्या कट्ट्यावर बसल्या होत्या तिथे माकडांनी चिक्कीचा एक डबा केव्हाच पळवला होता आणि दुसऱ्यावर डोळा होता, ती सगळी टोळी झाडावर गेली.

टॅक्सीचं इंजिन चालू ठेवून दहा मिनिटं थांबलो, मग आमचं बटण दाबलं. पहिल्या सेल्फला उठली. केबल उलट्या क्रमाने काढायची: शेवटचा चिमटा आधी. दादा पैसे घेईनात. शेवटी चिक्कीचा एक डबा घेतला, तोही सासूबाईंनी दटावल्यावर.

सव्वासहाला निघालो. एसी बंद, गाणी बंद, फक्त हेडलाइट. नेरळचा घाट अंधारात उतरताना इंजिन बंद पडू द्यायचं नाही एवढंच नवऱ्याच्या डोक्यात होतं, त्यामुळे दीड तासात तो एक शब्द बोलला नाही. बीपीची गोळी सातच्या ठोक्याला वांगणीच्या अलीकडे घेतली गेली.

त्या एवढ्याशा दिव्याने हे केलं यावर घरी कुणाचा विश्वास बसेना, म्हणून हिशेब केला. पाच वॅटचा बल्ब बारा व्होल्टवर साधारण ०.४ अँपिअर खातो. शुक्रवारी सकाळी सात ते रविवारी दुपारी चार म्हणजे ५७ तास, म्हणजे जवळजवळ २४ अँपिअर-तास. आमची बॅटरी नवी असताना ३५ अँपिअर-तासांची होती, आणि ती चार वर्षं जुनी. बऱ्याच गाड्या असा दिवा थोड्या वेळाने आपोआप बंद करतात, आमची करत नाही. छतावरच्या दिव्याचं बटण 'डोअर'वर आहे की 'ऑन'वर, एवढं उतरताना बघा. डॅशकॅम कायमचा जोडलेला असेल तर तोही काढा. इलेक्ट्रिक गाडीवाले आमचे एक स्नेही हे ऐकून हसले. त्यांच्या गाडीतही दारं आणि मेंदू चालवायला एक छोटी बारा व्होल्टची बॅटरी असते, हे त्यांना मीच सांगितलं.

सोमवारी सकाळी गाडी पुन्हा उठली नाही. मेकॅनिकने मीटर लावला. चांगली भरलेली बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, आमची रात्रभर उभी राहून ११.९. एकदा पूर्ण उतरलेली म्हातारी बॅटरी क्वचितच सावरते. जुनी परत देऊन नवी बसवली. नंतर घड्याळ लावावं लागलं, आणि ड्रायव्हरची काच एका झटक्यात वर जाईना. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद ओढून धरल्यावर तीही सुधारली.

ती टोपी टपावरच राहिली होती. घाटाच्या कुठल्यातरी वळणावर पडली असणार. नवी मागवली ती बिनरंगाची काळी आली, रंगवून घ्यायची राहून गेली आहे. तूर्तास हँडलला उघडं भोक आहे, आणि दर दोन-तीन महिन्यांनी लेक त्यात किल्ली घालून फिरवून बघते. पेन्सिल ग्लव्ह बॉक्समध्ये आहे, गोळ्यांच्या शेजारी. गोळ्यांची एक पट्टी आता सासूबाईंच्या पर्समध्येही असते.