राजरप्पा : आधी संगम, मग दर्शन

छिन्नमस्ता दशमहाविद्यांपैकी, म्हणजे देवीच्या दहा तांत्रिक रूपांपैकी, एक. एका हातात खड्ग, दुसऱ्यात स्वतःचंच तोडलेलं मस्तक. धडातून उसळणाऱ्या रक्ताच्या तीन धारा, दोन डाकिनी आणि वर्णिनी या सख्यांच्या मुखात आणि तिसरी तिच्या स्वतःच्या. पायाखाली कामदेव आणि त्याची पत्नी रती. कथा मात्र भुकेची आहे. स्नानाला सोबत आलेल्या दोघी सख्या भुकेनं कळवळल्या, तेव्हा देवीनं आपलंच शिर उतरवलं.

झारखंडमध्ये रामगढपासून २८ किमीवर राजरप्पाला तिचं देऊळ आहे. मुंबईहून रांचीजवळच्या हटियाची गाडी रोज नसते, तेव्हा तिकीट आधी काढा. रांची ते राजरप्पा सुमारे ७० किमी. आम्ही पहाटे निघालो तरी रांग लागलेलीच होती.

माझं ऐकाल तर रांगेत शिरण्याआधी खाली नदीवर जा. भैरवी, जिला तिकडे भेडाही म्हणतात, खडकांवरून थेट दामोदरात कोसळते. दामोदर हा नद, म्हणजे पुरुष, भैरवी स्त्री. खाली नद, वर नदी. मूर्तीच्या पायाशीही खाली काम आणि वर रती. नावाड्यानं हे सहज बोलता बोलता सांगितलं, आणि इतकी वर्षं फक्त भयंकर वाटणारं ते चित्र मला तिथे जरा उलगडलं. याच दामोदरात संथाळ आदिवासी आपल्या माणसांच्या अस्थी सोडतात. त्यामुळे घाटावर कुणी विधीला बसलं असेल तर मोबाइल खिशात ठेवा.

मंगळवारी, शनिवारी बकऱ्यांचे बळी जास्त. आपल्याकडच्या जत्रा पाहिलेल्यांना धक्का बसणार नाही, पण लहान मुलं सोबत असतील तर दुसरा वार निवडा. नारळ-पेढे वाहूनही पूजा होते. कुणी बळीचा आग्रह धरला तर सरळ नाही म्हणा. दुसऱ्यासाठी स्वतःचं डोकं उतरवणाऱ्या देवीपुढे मुकं जनावर का, हे कोडं मला काही सुटलं नाही. असो.

मकरसंक्रांतीला जत्रा भरते, तेव्हा गर्दी अफाट. पावसाळ्यात धबधबा दांडगा, पण खडक शेवाळलेले असतात. पाण्यात उतरूच नका. डिसेंबरात जा, पहाटेची थंडी बोचरी असते म्हणून स्वेटर घ्या. दर्शन झालं की आवारातली इतर महाविद्यांची देवळं पाहायला तासभर ठेवा. धूमावतीपुढे आम्ही होतो तेव्हा कुणीच नव्हतं. परतीची गाडी मात्र येतानाच ठरवा, अंधार पडल्यावर वाहन मिळायला आम्हाला फार ताटकळावं लागलं.