पेन्सिल सेलचा हिशेब

डोंगरात नेण्यासाठी जीपीएस यंत्र घ्यायला गेले की दुकानदार आधी पडदा किती मोठा आणि नकाशा किती रंगीत ते दाखवतो. मला मात्र पहिला प्रश्न असा विचारावासा वाटतो, की हे यंत्र खाते काय, आणि संपले तर ते हरिश्चंद्रगडाजवळच्या कुमशेत-पाचनई गावांच्या बाजूला मिळेल का?

रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीमार्गे हरिश्चंद्रगड गाठायचा, एवढ्याच चालीसाठी हातातला फोन पुरतो. तीच चाल पुढे नाणेघाट, भीमाशंकर अशी वाढत गेली, की चार्जिंगची गाठ रोज पडेलच असे नाही. ढोरवाटांचे जाळे आणि डोक्याच्या वर गेलेली कारवी यांतून मूळ वाट कोणती, हे सांगायला प्रत्येक वळणावर गुराखी उभा नसतो. गावातला वाटाड्या सोबत असेल तर त्याच्यापुढे कुठलेच यंत्र टिकत नाही, पण तोही बहुधा पुढच्या गावापर्यंतच येतो.

फोनला नावे ठेवण्याचे कारण नाही. नकाशे आधी उतरवून घेतले आणि फोन फ्लाइट मोडवर टाकला, तरी उपग्रहांचे संकेत मिळतच राहतात. त्यांना ना सिमकार्ड लागते ना टॉवर. बॅटरी खरी खातो तो उजळलेला पडदा, आणि त्याच्याखालोखाल, रेंज नसलेल्या दरीत टॉवर शोधत राहण्याची फोनची चिकाटी. शिवाय पावसाचे थेंब पडले की ओल्या काचेला बोट कुठे आणि थेंब कुठे हे कळेनासे होते. त्या वेळी बटणांचे जुनाट यंत्र फार शहाणे वाटते.

पॉवर बँक आहे की, असे कोणी म्हणेल. तिच्यावर लिहिलेले १०,००० मिलिअँपियर-तास हे आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे असतात, म्हणजे एकूण ऊर्जा ३७ वॉट-तास. त्याचे ५ व्होल्ट करताना आणि ते फोनमध्ये भरताना बराच भाग उष्णता होऊन जातो. त्यामुळे ५,००० क्षमतेचा फोन दोनदा नव्हे, दीडेक वेळाच भरतो. पाठपिशवीवर सौर पट्टी बांधणाऱ्यांविषयी मला आदर आहे, पण झाडीतून चालणाऱ्याच्या पाठीवर ऊन टिकते किती?

म्हणून माझा कौल दोन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या यंत्राला. गार्मिनच्या ई-ट्रेक्स मालिकेतील २२एक्स किंवा ३२एक्स अशा दोन सेलवर २५ तास चालते, असे कंपनी सांगते. दिवसाला आठ तास चाललो, तर तीन दिवस झाले. मात्र गावातल्या दुकानात मिळणारा सेल बहुधा भिंतीवरच्या घड्याळासाठी असतो. तो झिंक-कार्बनचा स्वस्त सेल घड्याळाला वर्षभर पुरतो आणि जीपीएसला धड एक दिवसही नाही. अडीअडचणीला तो चालेल, पण भरवसा ठेवायचा तो घरून नेलेल्या अल्कलाइन किंवा रिचार्जेबल सेलवर. रिचार्जेबल सेल साध्या सेलच्या १.५ ऐवजी १.२ व्होल्टचा असतो, त्यामुळे यंत्राच्या सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदलला नाही तर सेलमध्ये जीव असूनही पडद्यावरची बॅटरीची खूण रिकामी दिसू लागते.

हिमालयात हा हिशेब बदलतो. थंडीत अल्कलाइन सेल लवकर मान टाकतो. तिथे एकदाच वापरायचा लिथियम सेल महाग असला तरी घ्यावा. फोन आणि पॉवर बँक रात्री झोपण्याच्या पिशवीत घ्यावी, कारण शून्याखालच्या तापमानात त्यांतली लिथियम-आयन बॅटरी चार्ज करणे तिला कायमचे बाधते. उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रे मात्र परवान्याशिवाय भारतात चालत नाहीत. ती जवळ बाळगणाऱ्या परदेशी पाहुण्यांना विमानतळावर अडवल्याच्या घटना आहेत.

राहिला अचूकतेचा प्रश्न. बेलपाड्याहून नळीच्या वाटेने, म्हणजे कातळांमधल्या अरुंद नाळेतून, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याकडे चढताना दोन्ही बाजूंच्या कातळांवर आपटून येणारे संकेत यंत्राला फसवतात आणि पडद्यावरचा ठिपका कड्याच्या पोटात जाऊन बसतो. उपग्रहांचे संकेत दोन वारंवारितांवर ऐकणारी नवी यंत्रे तिथे बरी वागतात, पण त्या मोबदल्यात बॅटरी जास्त खातात. तेवढ्यासाठी मी जास्त पैसे मोजणार नाही. नाळेत चढण्याची दिशा एकच असते. नाळेला फाटा फुटेल तिथे यंत्र लावावे, आणि त्याआधी दगडांवर कोणी बाण रंगवला आहे का ते पाहावे.